नावांची वही

पनवेलहून रोह्याकडे जाणारी गाडी आपटा सोडल्यावर जिते नावाच्या लहानशा स्थानकावर थांबते. पुढे हमरापूर येते, मग पेण, आणि कासू, नागोठणे करीत ती रोह्याला पोहोचते. चाकरमाने, शाळकरी मुले, बाजारहाट करून परतणाऱ्या बायका अशी साधी माणसे या फलाटांवर चढतात आणि उतरतात. जिते हे नाव कानी पडले की मराठी माणसाला ‘जिता-जागता’ हा जोडशब्द आठवल्यावाचून राहत नाही.

या रुळालगतची गावे हजारो मैलांवर, इस्रायलमधल्या मराठी घरांतही नांदत आहेत. आपटेकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर ही तेथील बेने इस्रायल ज्यूंची आडनावे आहेत. अलिबागजवळच्या नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून वंश वाढला, अशी या समाजाची परंपरागत समजूत. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले. दुकानदार शेजाऱ्याला त्यांची ओळख त्यांच्या सुट्टीच्या वारावरून पटली, आणि शतकानुशतके तेवढी ओळख पुरेशी ठरली. १९४८ नंतर त्यांतील बहुतेकांनी इस्रायलची वाट धरली, पण त्यांना कोणी हाकलले नव्हते. जाताना त्यांनी गावाचे नाव आणि मराठी भाषा दोन्ही बरोबर नेली. ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तेथे निघू लागले.

कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, ज्यूंना आपले नाव लपवावे लागले नाही. त्याच काळात युरोपात मात्र ६० लाख ज्यूंची हत्या झाली. त्या हत्येची सुरुवात नावे पुसण्यापासून आणि शब्द बदलण्यापासून झाली होती.

खोटे स्थानक, खोटे शब्द

पोलंडमधील ट्रेब्लिंका हे असेच एक आडबाजूचे खेडे. १९४२ च्या जुलैपासून पुढील सव्वा वर्षात तेथील छावणीत आठ लाखांहून अधिक माणसे मारली गेली. रुळ थेट छावणीत नेला होता आणि फलाटावर देखाव्याचे स्थानक उभारले होते. तिकीटघराच्या पाट्या होत्या, दिशादर्शक फलक होते. घड्याळही होते, पण ते रंगवलेले. त्याचे काटे कधीच हलले नाहीत. उतरणाऱ्या माणसांना आपण वाटेतल्या ठाण्यावर आलो आहोत असे वाटावे, एवढाच त्या देखाव्याचा हेतू.

शब्दांचेही तसेच. कागदोपत्री हत्येला ‘विशेष वागणूक’ म्हणत. मृत्यूकडे नेणाऱ्या गाड्यांना ‘स्थलांतर’ हे नाव होते. संपूर्ण समाज नाहीसा करण्याच्या योजनेला ‘अंतिम उपाय’ म्हटले गेले. कारकुनाने हे शब्द लिहावेत, अधिकाऱ्याने सही करावी आणि दोघांनाही रात्री झोप लागावी, अशी ही भाषा होती. क्लोद लान्झमन यांच्या १९८५ च्या ‘शोआ’ या साडेनऊ तासांच्या चित्रपटात लिथुआनियातील दोन ज्यू साक्षीदार बोलतात. पुरलेली प्रेते उकरून जाळण्याचे काम त्यांच्याकडून करून घेतले गेले होते. त्या वेळी प्रेताला प्रेत म्हणण्याची त्यांना मनाई होती. ‘आकृती’ किंवा ‘चिंध्या’ म्हणावे लागे. त्या प्रेतांमध्ये त्यांची स्वतःची माणसे होती.

आउश्वित्झमध्ये कामाला ठेवलेल्या कैद्यांच्या हातावर क्रमांक गोंदला जाई. इटालियन रसायनशास्त्रज्ञ प्रिमो लेव्ही यांचा क्रमांक १७४५१७. पण गाडीतून उतरताच ज्यांना थेट विषारी वायूच्या कोठडीकडे नेले, त्या वृद्धांच्या, आयांच्या आणि मुलांच्या वाट्याला क्रमांकही आला नाही. त्यांची छावणीच्या वहीत नोंदच झाली नाही. ज्या घरात रोजमेळ आणि खतावणी पिढ्यानपिढ्या जपली जाते, तेथे या गोष्टीचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. नोंद नाही म्हणजे देणे नाही, आणि देणे नाही म्हणजे विचारणारा कोणी नाही, हाच त्या हिशेबाचा हेतू होता.

छावणी या शब्दाचा प्रवास

अशा जागांना इंग्रजीत जे नाव आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘एकवटण्याची छावणी’ इतकाच होतो. १८९६ साली क्यूबात स्पॅनिश सेनापती वेलर याने खेड्यांतील लोकांना सक्तीने तटबंदीच्या गावांत कोंडले. त्यानंतर दक्षिण आफ्रिकेतील बोअर युद्धात ब्रिटिशांनी शेते जाळून बायकामुलांना तंबूंत डांबले. सरकारी भाषेत त्या प्रथम ‘निर्वासितांच्या छावण्या’ होत्या. एमिली हॉबहाउस या इंग्रज बाईने १९०१ साली तेथील उपासमार आणि रोगराई उजेडात आणली. सुमारे २६ हजार बोअर स्त्रिया व मुले तेथे मरण पावली. कृष्णवर्णीयांसाठी वेगळ्या छावण्या होत्या. त्यांतील किमान १४ हजार मृत्यूंची आठवण जगाने फार उशिरा काढली. त्याच युद्धातील बोअर सैनिक कैदी म्हणून तेव्हाच्या अहमदनगरलाही आणले गेले होते.

मराठीने इंग्रजी शब्दाचे भाषांतर केले नाही. तिने कृत्याला नाव दिले. छळछावणी. हा जोडशब्द विचार करण्याजोगा आहे. मराठीत छावणी म्हणजे लष्कराचा तळ, आणि त्याहून जवळचा अर्थ म्हणजे दुष्काळातली गुरांची छावणी. २०१३ आणि २०१९ च्या दुष्काळात मराठवाड्यात, सोलापूर-साताऱ्याच्या माणदेशी भागात शेतकरी दावणीची जनावरे घेऊन चारा छावण्यांत महिनोन्‌महिने राहिले. पांजरपोळ चालवणाऱ्या, चारा-पाण्यासाठी हात सैल सोडणाऱ्या व्यापारी कुटुंबांना ही छावणी चांगली ठाऊक आहे. मराठी कानाला छावणी ही जीव वाचवण्याची जागा वाटते. म्हणूनच तिच्यामागे छळ हा शब्द जोडल्याशिवाय भाषेला ते नवे भय सांगता आले नाही.

छळ या शब्दालाही जुने मूळ आहे. संस्कृतात छल म्हणजे कपट. रंगवलेले घड्याळ आणि ‘स्थलांतरा’चे हुकूम आठवले की दोन्ही अर्थ एकाच जागी सापडतात. तरीही हा शब्द सर्वत्र पुरत नाही. डाखाउची छावणी १९३३ साली उघडली; तेथे माणसांना डांबून, राबवून, उपाशी ठेवून मारले. ट्रेब्लिंका, सोबिबोर, बेल्झेक या जागा केवळ मारण्यासाठी बांधल्या होत्या. त्यांना छळछावणी म्हणणेही सौम्य ठरते. संहार छावणी म्हणावे लागते.

ग्रीक मुळाचा ‘होलोकॉस्ट’ हा शब्द जगभर रूढ आहे. त्याचा मूळ अर्थ अग्नीत संपूर्ण अर्पण केलेला बळी. अनेक ज्यूंना तो मान्य नाही. मारलेल्या मुलाला आहुती म्हटले की मारणाऱ्याचे कृत्य धर्मकृत्यासारखे वाटू लागते, असे त्यांचे म्हणणे. म्हणून ते हिब्रूतील ‘शोआ’, म्हणजे महाविध्वंस, हा शब्द वापरतात. यज्ञातील पशुबळीला ज्या परंपरेने सदैव हिंसाच म्हटले, त्या परंपरेतील वाचकाला हा आक्षेप सहज पटावा.

महाराष्ट्रातील तीन छावण्या

त्या वर्षांत छावणी या एका शब्दाखाली महाराष्ट्रातही भिन्न जागा होत्या. नाझींच्या राज्यातून पळून आलेल्या ज्यूंना मदत करण्यासाठी मुंबईत १९३४ साली ‘ज्युइश रिलीफ असोसिएशन’ स्थापन झाली. त्याच वर्षी मुंबईत आलेल्या वॉल्टर काउफमन या ज्यू संगीतकाराने आकाशवाणीची सुरावट रचली. कित्येक वर्षे मराठी घरांतली सकाळ तिच्यावर उजाडली. ती एका विस्थापिताने बांधली आहे हे फार थोड्यांना माहीत होते.

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पेटताच ब्रिटिश सरकारने भारतातील जर्मन नागरिकांना पकडून अहमदनगरच्या छावणीत ठेवले. त्यांत हिटलरच्या भयाने आलेले ज्यूही होते. पारपत्र जर्मन म्हणून ते ‘शत्रुराष्ट्राचे नागरिक’ ठरले. चौकशीनंतर अनेकांची सुटका झाली. काहींना पुढे पुरंदर किल्ल्यावरील वसाहतीत राहावे लागले. ही स्थानबद्धता होती. अन्याय होता, पण तो छळछावणीचा अन्याय नव्हता, आणि हा भेद स्वतः भोगणाऱ्यांनीच जपला.

तिसरी छावणी कोल्हापूरजवळ वळिवडे येथे. १९४० आणि ४१ साली सोव्हिएत रशियाने पूर्व पोलंडमधील लाखो लोकांना मालगाड्यांत घालून सैबेरिया आणि कझाकस्तानात नेले. जंगलतोडीच्या आणि सक्तमजुरीच्या त्या वस्त्यांतून सुटलेली कुटुंबे इराणमार्गे भारतात आली. मुलांच्या पहिल्या तुकडीला नवानगरच्या जामसाहेब दिग्विजयसिंहजींनी बालाचडीत आसरा दिला. १९४३ ते १९४८ या काळात वळिवड्याला सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक स्त्रिया आणि मुले, राहत होते. तेथे त्यांच्या शाळा होत्या, चर्च होते, नाटके होत. कोल्हापूरकर त्या जागेला छावणी म्हणत, पण पोलिश लोक तिला आपल्या भाषेत ‘वसाहत’ म्हणत. छावणी या शब्दाला त्यांच्या आठवणीत बर्फ आणि भूक चिकटलेली होती.

ते गेल्यावर त्या बराकींत सिंधमधून आलेले निर्वासित राहिले. दक्षिण महाराष्ट्रातील प्रत्येक कापड व्यापाऱ्याला ती जागा ठाऊक आहे, कारण तेच आजचे गांधीनगर. ठोक खरेदीसाठी तेथे जाणाऱ्या किती जणांना पायाखालच्या जमिनीची ही हकीकत माहीत असते? पोलिश लोक मात्र विसरले नाहीत. लंडनमधील त्यांच्या संघटनेने आठवणींचा मोठा ग्रंथ प्रथम पोलिशमध्ये आणि नंतर इंग्रजीत काढला. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचा स्मृतिस्तंभ आहे. वॉर्साततही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तेथे पुष्पचक्र वाहिले.

दुधाच्या कॅनमधील साक्ष

साक्ष देणे म्हणजे केवळ मोठ्या घटना सांगणे नव्हे. वॉर्सातील कोंडवाड्यात इमॅन्युएल रिंगेलब्लुम या इतिहासकाराने सहकाऱ्यांना गुप्तपणे एकत्र केले. जे मिळेल ते जपायचे, असे ठरले. पत्रे, रोजनिशा, मुलांचे निबंध, रेशनची कुपने, ट्रामची तिकिटे, गोळ्यांच्या वेष्टनाचे कागदसुद्धा. पत्र्याच्या पेट्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून त्यांनी हे सारे जमिनीखाली पुरले. रिंगेलब्लुम १९४४ साली मारले गेले. वाचलेल्या मोजक्या सहकाऱ्यांनी सांगितलेल्या जागी १९४६ साली पेट्या आणि १९५० साली कॅन सापडले. मारणाऱ्याच्या वहीत जे नव्हते, ते मरणाऱ्यांनी लिहून ठेवले होते.

प्रिमो लेव्हींनी १९४७ साली आपली हकीकत प्रसिद्ध केली. छावणीतील भूक आणि छावणीतील हिवाळा सांगायला मोकळ्या माणसांचे हे शब्द अपुरे आहेत, ही त्यांची खंत होती. तरीही त्यांनी साधेच शब्द वापरले, कारण आक्रोशापेक्षा नेमकेपणावर त्यांचा भरवसा होता. मराठी वाचकाला हा इतिहास आधी वि. ग. कानिटकरांच्या ‘नाझी भस्मासुराचा उदयास्त’ या ग्रंथातून कळला. भस्मासुर म्हणताच मराठी माणसाला अत्याचाऱ्याचा शेवट कळतो. त्याच्या हाताखाली भस्म झालेल्यांचा आवाज मात्र ॲन फ्रँकच्या रोजनिशीच्या मराठी अनुवादासारख्या पुस्तकांतून पोहोचला.

जेरुसलेममध्ये १९५३ साली ‘याद वाशेम’ ही संस्था कायद्याने स्थापन झाली. त्या हिब्रू शब्दांचा अर्थ ‘स्मारक आणि नाव’. नातेवाइकांनी, शेजाऱ्यांनी भरून दिलेल्या एकेका कागदावरून तेथे नावांची वही लिहिली जात आहे. ४८ लाखांहून अधिक नावे गोळा झाली आहेत. उरलेल्यांचे नाव सांगणारेही कोणी वाचले नाही, म्हणून ती रकाने अजून रिकामे आहेत.

दुकानाची पाटी आणि वहीवरचे स्वस्तिक

२००६ सालच्या ऑगस्टमध्ये याच रायगड जिल्ह्यात, खारघरला, हिटलरचे नाव असलेले एक उपाहारगृह उघडले. पाटीवर नाझी चिन्ह होते, आत हिटलरचे चित्र होते. मुंबईच्या ज्यू समाजाने निषेध केला आणि काही दिवसांतच नाव बदलले गेले. त्यामागे द्वेष होता असे म्हणवत नाही. नाव लक्षात राहील, गिऱ्हाईक येईल, एवढाच विचार असावा. पण पेणकर आणि रोहेकर ज्या जिल्ह्याचे, त्याच जिल्ह्यात ती पाटी लागली, आणि लावताना ती कोणाला लागेल हे कोणाच्या मनात आले नाही. घरोघरीही असेच होते. कडक शिक्षकाला ‘हिटलर’ म्हणतात, गर्दीच्या डब्याला ‘छळछावणी’. बोलणारा हसतो, ऐकणाराही हसतो, आणि शब्दाचे वजन थोडे कमी होते.

जैन कुटुंबांना हा प्रश्न आणखी एका बाजूने भिडतो. मंदिरात तांदळाने रेखलेले स्वस्तिक, त्यावरची तीन टिंबे आणि चंद्रकोर, दिवाळीच्या वहीपूजनात पहिल्या पानावर कुंकवाने काढलेले स्वस्तिक हे मंगलचिन्ह आहे. परदेशी शिकायला गेलेल्या मुलाच्या दारावर तेच चिन्ह दिसले की शेजारी दचकतो. नाझी पक्षाने १९२० साली घेतलेल्या चिन्हाला जर्मन भाषेत ‘हाकेनक्रॉइत्स’, म्हणजे आकड्यांचा क्रूस, म्हणतात. इंग्रजीने त्याला स्वस्तिक हे नाव दिले आणि एका पवित्र शब्दावर परक्याचे पाप चढले. कॅलिफोर्नियाने २०२२ साली कायद्यातच हा भेद नोंदवला. आपले चिन्ह जगाने नीट वाचावे, हा आग्रह रास्तच आहे. परंतु जो समाज आपल्या शब्दासाठी अचूकपणा मागतो, त्याने दुसऱ्याच्या दुःखाचा शब्दही तितक्याच अचूकपणे वापरला पाहिजे. भाषा समिती ज्यांना लहानपणापासून शिकवली जाते, त्यांच्याकडून ही अपेक्षा अधिकच.

अँटवर्पच्या हिरेबाजारात जैन आणि ज्यू व्यापारी शेजारी शेजारी बसतात. सौदा ठरला की हस्तांदोलन करून ‘मझल’ म्हणायचे, ही तेथील रीत जगभरच्या हिरे व्यापारात रूढ झाली आहे. हिब्रूतला हा शब्द भाग्य इच्छितो. तो उच्चारला की कागदाची गरज उरत नाही. बोललेला शब्द हाच करार असतो. अँटवर्पपासून जवळच मेखेलेन नावाचे शहर आहे. तेथील बराकीतून १९४२ ते १९४४ या काळात २५ हजारांहून अधिक ज्यू आउश्वित्झला पाठवले गेले, आणि परत आलेले फारच थोडे. ‘मझल’ म्हणणाऱ्या शेजाऱ्याच्या घरात अशी एखादी रिकामी खुर्ची असू शकते. त्याच्याशी बोलताना हे ठाऊक असणे ही सभ्यता आहे.

आता साक्षीदार थोडे उरले आहेत. छावणीतून वाचलेली मुले आज नव्वदीच्या घरात पोहोचली आहेत. त्यांच्यामागे राहील ती नावांची वही आणि भाषेने जपलेले शब्द. हे शब्द कोणी स्वस्त करू नयेत, एवढे प्रत्येक घराला जमण्यासारखे आहे. मुलाने विचारले तर छळछावणी म्हणजे काय ते त्याला सांगावे. आणि जवळच पेणला, रोह्याला, नवगावला राहून गेलेल्या शनवार तेल्यांची गोष्टही सांगावी, म्हणजे शेजार कसा असतो हेही त्याला कळेल.

संध्याकाळची गाडी जित्याला थांबते. स्थानक लहान आहे, पण खरे आहे. उतरलेली माणसे एकमेकांना नावाने हाक मारीत आपापल्या घरी जातात.